उभ्या गाडीला पहिली किक मारण्याआधी

नात्यात, ओळखीत कुणाची मोटारसायकल वर्ष-दोन वर्षं उभी राहिली की फोन मला येतो. पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "दमेपर्यंत किका मारल्या, उठतच नाही." गाडी उठत नाही याची मला फारशी चिंता नसते, बहुतेक गाड्या उठतात. काळजी वाटते ती त्या किकांची. नुसतं उभं राहून इंजिन सहसा मरत नाही. कोरड्या सिलिंडरवर किका मारल्या जातात, टाकीतला गंज कार्बोरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) ओढला जातो, उतरलेल्या बॅटरीवर सेल्फ दाबून धरला जातो, आणि खरं नुकसान तिथे होतं.

म्हणून माझी पद्धत अशी की किक आणि सेल्फ सगळ्यात शेवटी. आधी पेट्रोल, कार्बोरेटर, सिलिंडर, ऑइल, बॅटरी आणि ठिणगी. एक मोकळा दिवस काढा, शक्यतो दोन काढा, कारण काही गोष्टी रात्रभर तशाच ठेवाव्या लागतात.

गाडी किती दिवस उभी होती, यावर काम किती ते ठरतं. दोन-तीन महिन्यांत बॅटरी उतरते आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, बाकी काही होत नाही. सहा महिन्यांनंतर जेट, म्हणजे कार्बोरेटरमधले बारीक भोकांचे पितळी तुकडे, तुंबायला लागतात. वर्षाच्या पुढे गेली की खाली लिहिलेलं सगळंच करा. "थोडीशीच उभी होती" यावर विसंबू नका. शेवटचं पेट्रोल कधी भरलं होतं, ते मालकाला विचारा. उत्तर आठवत नसेल तर तेच पुरेसं उत्तर आहे.

हत्यारं फार लागत नाहीत. प्लगचा पाना, आठ, दहा आणि बाराचे पाने, दोन्ही तऱ्हेचे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, साधा मल्टिमीटर, कार्बोरेटर क्लीनरचा डबा, टॉर्च, पेट्रोलला चालणारी दोन हात नळी, भरपूर फडकी आणि एक पसरट भांडं. काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते, तेव्हा जवळ विस्तव, सिगारेट नको, विजेचं कुठलंही बटण चालू-बंद करणं नको. माती किंवा वाळूची बादली हाताशी ठेवा. आणि बंद खोलीत इंजिन चालू करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो.

आधी नुसतं बघायचं

गाडी मेन स्टँडवर घ्या, वरची धूळ पुसा आणि टॉर्च घेऊन सावकाश फिरा. खाली जमिनीवर डाग आहे का? असेल तर बोट लावून वास घ्या: पेट्रोल, ऑइल आणि ब्रेक ऑइल तिन्हींचा वास वेगळा असतो. पुढच्या शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओघळ असेल तर सील वाळून गेलं आहे. ते नंतर करता येईल, पण लक्षात ठेवा.

मग सीट काढा. उंदीर हा उभ्या गाडीचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, हे मी अनेक गाड्या बघून सांगतो. आत्याच्या गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यात कापसाचं आणि कागदाच्या कपट्यांचं घरटं होतं, फिल्टरचा अर्धा कागद त्यातच गेलेला. वरून काहीच दिसत नव्हतं. ती गाडी तशीच चालू केली असती तर ते कपटे थेट इंजिनात ओढले गेले असते. तेव्हा फिल्टरचं झाकण उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका. कागदी फिल्टर ओला झालेला किंवा कुरतडलेला असेल तर नवाच घाला. स्पंजचा फिल्टर हाताला चुरा लागत असेल तर तोही गेला. सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारून बघा. वायरिंगचा जुडगा जितका दिसेल तितका हाताने चाचपा. कुरतडलेली वायर डोळ्यांआधी बोटांना सापडते. फ्यूज काढून बघा आणि त्याचे पाय हिरवे-पांढरे झाले असतील तर पॉलिश पेपरने घासा.

क्लच दाबून बघा, अॅक्सिलरेटर पिळून सोडा. सोडल्याबरोबर तो फटकन मागे यायलाच हवा. हळूहळू सरकत असेल किंवा अडकत असेल तर केबलमध्ये ऑइल सोडा आणि ती मोकळी झाल्याखेरीज इंजिन चालू करू नका. चालू झालेलं इंजिन पूर्ण रेसवर अडकलं तर हातापायांचं भान राहत नाही.

टाकी आणि पेट्रोल

टाकीचं झाकण उघडा आणि नाक जवळ न्या. ताज्या पेट्रोलचा वास तीक्ष्ण असतो, नाकात चढतो. जुन्याचा वास जड, आंबूस, जुन्या रंगाच्या डब्यासारखा येतो. पेट्रोलमधला जो भाग पटकन पेट घेतो तोच आधी उडून जातो. उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तर हवेतलं पाणी शोषतं. पाणी पुरेसं झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोल कॉकचं तोंड तिथेच असतं. म्हणजे टाकीत वर चांगलं पेट्रोल दिसत असलं तरी इंजिनाला पहिला घोट पाण्याचा मिळतो.

थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला, रंग गडद तपकिरी असला किंवा तळाशी लाल भुकटी बसली, तर सगळं काढून टाका. "अर्धी टाकी जुनं आहे, वर ताजं टाकून चालेल का?" असं मला नेहमी विचारतात. नाही. इतकं सगळं करून शेवटी शंका पेट्रोलवरच राहणार असेल तर ती शंका आधीच संपवावी. काढलेलं पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून, जिथे वापरलेलं ऑइल घेतात तिथे द्या.

रिकाम्या टाकीत टॉर्चचा उजेड टाका. थोडी लालसर छटा असेल तर ताज्या पेट्रोलने दोन-तीनदा खळखळून काढणं पुरतं. पापुद्रे सुटत असतील तर टाकी उतरवा आणि कॉक काढून तिथलं भोक बंद करा. सायट्रिक अॅसिड कोमट पाण्यात, लिटरला साधारण 50 ते 100 ग्रॅम, असं विरघळवून टाकी काठोकाठ भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाणी काळपट निघेल. मग स्वच्छ पाण्याने धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा खळबळा, पुन्हा धुवा आणि लगेच उन्हात पूर्ण वाळवा. वाळल्यावर आतून थोडं ऑइल मिसळलेलं पेट्रोल फिरवून ओतून टाका, नाहीतर उघडा पडलेला लोखंडी पत्रा काही तासांत पुन्हा लाल होतो. रिकामी टाकीसुद्धा वाफेने भरलेली असते, तेव्हा हीटर किंवा वेल्डिंगच्या जवळ तिला नेऊ नका.

कॉकच्या वरच्या नळीला बारीक जाळी असते, ती तुंबलेली असणार. हलक्या ब्रशने साफ करा. कॉक ऑन, ऑफ आणि रिझर्व्ह या तिन्ही जागी बरोबर वागतो का, हे टाकी बसवण्याआधीच पेट्रोल घालून बघा. पेट्रोलची नळी वाकवून बघा. भेगा पडल्या तर बदला. जुन्या नळीवर गरम इंजिनाच्या वर पेट्रोल ठिबकू देणं हा जिवाशी खेळ आहे.

झाकणातलं हवेचं भोक बहुतेकजण विसरतात. पेट्रोल खाली जातं तशी वरून हवा आत यावी लागते. माती किंवा कीटकांनी ते भोक बुजलं, की गाडी छान चालू होते, काही मिनिटं चालते आणि बंद पडते. झाकण उघडलं की "फस्स" होऊन पुन्हा चालू होते. या एका भोकापायी लोकांनी कॉइल बदललेली मी पाहिली आहे.

कार्बोरेटर

खरं काम इथे आहे. उभी गाडी उठत नाही त्यात निम्म्याहून जास्त वेळा कारण कार्बोरेटरमध्ये सापडतं, आणि त्यातही बहुतेकदा एकाच जागी: पायलट जेटमध्ये. मेन जेट गाडी पळताना लागतो, त्याचं भोक त्या मानाने मोठं असतं. चालू करताना आणि आयडलिंगला पेट्रोल पायलट जेटमधून येतं, आणि ते भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. वाटीतलं पेट्रोल वाळलं की मागे राहिलेली राळ बरोबर तिथे बसते.

आधी सोपा उपाय. वाटीच्या खाली निचऱ्याचा स्क्रू असतो. कॉक बंद करून तो सोडा आणि जे बाहेर येईल ते बघा. स्वच्छ पेट्रोल आलं तर ताजं सोडून प्रयत्न करायला हरकत नाही. काहीच आलं नाही, पिवळसर चिकट आलं किंवा भुकटी आली, तर कार्बोरेटर खाली उतरवा. वरवर क्लीनर फवारून वेळ घालवू नका, उतरवायला लागणार असेल तर आत्ताच उतरवा.

उतरवताना प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. कुठली नळी कुठे लागली होती, हे संध्याकाळी आठवत नाही. वाटीचे चार स्क्रू मऊ धातूच्या शरीरात बसलेले असतात. नेमक्या मापाचा ड्रायव्हर घ्या, दाबून धरा आणि मग फिरवा. चेपले की पुढे त्रासच आहे. वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटची पिन हलकेच काढा आणि तिच्यासोबत येणारी, वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई हातात घ्या. सुईच्या टोकाला गोल खाच पडलेली दिसली तर ती पेट्रोल अडवणार नाही, नवी लावा. फ्लोट कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तो गळका आहे.

एअर स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण बसवणारा स्क्रू) काढण्याआधी एक मोजमाप घ्यायचं असतं, आणि ते चुकलं तर नंतर गाडीचं आयडलिंग बसता बसत नाही. स्क्रू हळूच आत फिरवा आणि किती फेऱ्यांत टेकतो ते मोजून कागदावर लिहा. बऱ्याच गाड्यांत हा आकडा दीड ते अडीच फेऱ्यांच्या दरम्यान येतो. टेकल्यावर जोर देऊ नका, त्याचं टोक आणि बैठक दोन्ही नाजूक असतात. मग काढा. त्यामागची स्प्रिंग, वॉशर आणि इवलासा ओ-रिंग आतच चिकटून राहतो. तोही काढा, कारण क्लीनरने रबर फुगतं.

जेट उजेडाकडे धरून बघा. आरपार गोल ठिपका दिसला पाहिजे. नाही दिसला तर क्लीनरमध्ये तासभर बुडवून ठेवा आणि मग हवा मारा. तरीही अडलं तर वायरमधली तांब्याची एक तार काढून हळूच घाला. लोखंडी तार, सुई, पिन अजिबात नको. जेट पितळी असतो, लोखंड त्याचं भोक मोठं करतं, आणि मोठ्या भोकाची गाडी कायम जास्त पेट्रोल पिते. कार्बोरेटरच्या शरीरातल्या प्रत्येक वाटेत क्लीनरची नळी लावून फवारा आणि दुसरीकडून धार बाहेर येते का बघा. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण ही धार कुठून उलटी येईल सांगता येत नाही. गॅसकेट कडक झालं असेल तर नवं.

जोडल्यावर लगेच गाडीवर चढवू नका. बाहेरच नळीने थोडं पेट्रोल सोडा आणि पाच मिनिटं थांबा. ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब येत नसेल तरच सुई धरते आहे.

फ्यूएल इंजेक्शनची (कार्बोरेटर नसलेली) गाडी असेल तर हा सगळा खटाटोप नाही, पण तिथे टाकीची स्वच्छता अधिक महत्त्वाची. पंप टाकीतच असतो आणि गंज त्याला सहन होत नाही. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची घुंईं ऐकू यायला हवी. चावी तीन-चारदा बंद-चालू करा म्हणजे लाइनमध्ये दाब येतो. पंपाचा आवाजच नाही तर आधी बॅटरी आणि फ्यूज बघा, मग पंप.

सिलिंडर, ऑइल आणि अडकलेला क्लच

गाडी थांबते तेव्हा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहू शकतो आणि त्यातून दमट हवा आत जाते. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल कधीच खाली ओघळलेलं असतं, तिथे हलका गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटतात. अशा वेळी जोरात मारलेली किक रिंगा त्या गंजावरून खरवडत नेते. म्हणून प्लग काढण्याआधी त्याच्या खळग्यातली माती फुंकून उडवा, प्लग काढा आणि भोकातून साधारण एक चमचा इंजिन ऑइल सोडा. तासभर तरी थांबा. वर्षाच्या वर उभी असेल तर रात्रभर.

नंतर प्लग न बसवताच गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा. इंजिन फिरायला लागतं तेव्हा प्लगच्या भोकातून हवेचा सुस्कारा ऐकू येतो. हा आवाज आला की अर्धी लढाई संपली. चाक हलत नसेल तर ओढाताण करू नका. गंज सोडवणारं तेल भोकातून सोडा, एक-दोन दिवस थांबा, आणि चाक थोडं पुढे थोडं मागे असं हलवत राहा. माझ्या मेहुण्याची एक गाडी अशी तीन दिवसांनी सुटली, आणि सुटली तेव्हा हाताला अगदी सहज वाटली. कुठल्याही पान्याने ती लवकर सुटली नसती.

ऑइलची पातळी काडीवर किंवा काचेत बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे. पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर फ्लोटची सुई गळून पेट्रोल इंजिनात उतरलं आहे. दोन्हींत आहे ते काढून नवं घालायचं, आणि तोवर इंजिन फिरवायचं नाही. ऑइल नुसतंच जुनं असलं तरी मी बदलतो. टू-स्ट्रोक गाडीत हे गिअरबॉक्सचं ऑइल असतं. तिला इंजिनासाठी टू-टी ऑइलची वेगळी काळजी लागते. ऑइल पंप असलेल्या गाडीतही पहिल्या टाकीला थोडं टू-टी पेट्रोलमध्येच मिसळा, कारण नळीत हवा अडकलेली असू शकते.

क्लचच्या प्लेटी एकमेकींना चिकटतात, हे लोकांना माहीत नसतं. इंजिन चालू होतं, क्लच दाबून पहिला गिअर टाकला की गाडी उडी मारते आणि समोर जे असेल त्यावर जाते. चालू करण्याआधीच क्लच दाबून, गिअरमध्ये, गाडी पुढे-मागे हलवा. सुटली नाही तर इंजिन गरम झाल्यावर पुन्हा प्रयत्न करायचा, तोवर न्यूट्रलच.

बॅटरी

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना आधी पॉझिटिव्ह. हा क्रम पाळला तर पाना चुकून चासीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. मल्टिमीटर लावा. लेड-अॅसिडची भरलेली बॅटरी स्वस्थ असताना 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते. 12.4 म्हणजे थोडी उतरलेली, 12 म्हणजे जवळजवळ रिकामी. 11 च्या खाली महिनोन्‌महिने राहिली असेल तर प्लेटींवर सल्फेट घट्ट बसलेलं असतं आणि ती बहुधा परत येत नाही.

पाण्याची बॅटरी असेल तर खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं नको, आणि अॅसिड तर मुळीच नको. बॅटरी जितक्या अँपिअर-अवरची, त्याच्या दहाव्या भागाइतका करंट हा चार्जिंगचा सुरक्षित आकडा: 5 अँपिअर-अवरला अर्धा अँपिअर. घाई करून जास्त करंट दिला की बॅटरी तापते. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून खिडक्या उघड्या. चार्जर काढल्यावर काही तास तशीच ठेवून पुन्हा मोजा. तेवढ्यात 12.4 च्या खाली घसरली तर नवी आणा.

चारचाकीच्या बॅटरीवरून चालू करायची वेळ आली तर चारचाकीचं इंजिन बंद ठेवा. तिची बॅटरी एकटी भरपूर आहे. आणि इंजेक्शनच्या गाडीत पूर्ण मेलेल्या बॅटरीवर धक्का मारून काही साधत नाही. पंप आणि कंप्युटरला आधी वीज लागते.

ठिणगी, आणि मग चालू करणं

सिलिंडरमध्ये सोडलेलं ऑइल आधी बाहेर काढायला हवं. प्लगच्या भोकावर फडकं धरा, इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण, म्हणजे किल स्विच, बंद ठेवा आणि दहा-बारा किका हलक्या हाताने मारा. सेल्फने करत असाल तर काही गाड्यांत किल स्विच बंद असताना सेल्फच चालत नाही. तिथे प्लग त्याच्या वायरच्या टोपीत घालून त्याचं शरीर इंजिनाला टेकवून बांधा, भोकापासून दूर. टोपी मोकळी ठेवून इंजिन फिरवलं तर इग्निशन युनिट जळू शकतं. या हलक्या किकांनी ऑइल वर, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमपर्यंतही पोचतं.

आता नवा प्लग, किंवा जुना ब्रशने साफ करून. बऱ्याच गाड्यांत गॅप 0.6 ते 0.8 मिलिमीटर असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा माहितीपुस्तकात मिळेल. प्लग टोपीत घालून इंजिनाच्या मोकळ्या धातूला टेकवा, आसपास सांडलेलं पेट्रोल नाही याची खात्री करा, किल स्विच चालू करा आणि किक मारा. निळसर, टकटक आवाज करणारी ठिणगी हवी. बारीक पिवळट आली तर टोपी, तिच्या वायरचं टोक आणि अर्थची जोडणी तपासा. अजिबात नसेल तर आधी किल स्विच, मग साइड स्टँडचा आणि क्लचचा स्विच. हे स्विच धुळीने आणि गंजाने हमखास अडकतात.

मग प्लग हाताने आटे लावून घट्ट करा, कॉक उघडा आणि वाटी भरायला एक मिनिट द्या. चोक पूर्ण ओढा. अॅक्सिलरेटरला हात नाही. किक असेल तर कॉम्प्रेशन लागेपर्यंत हळू दाबा आणि तिथून एकच मोकळा फटका. सेल्फ असेल तर पाच सेकंद, मग पंधरा-वीस सेकंद विश्रांती, म्हणजे बॅटरी सावरते आणि मोटर तापत नाही.

इंजिन धरलं की रेस देण्याचा मोह आवरा. दोन-तीन मिनिटं नुसतं ऐका. ऑइलचा दिवा असेल तर काही सेकंदांत विझला पाहिजे. टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची) खडखड सुरुवातीला येते आणि ऑइल पोचल्यावर कमी होते. सोडलेलं ऑइल जळताना पांढरा-निळा धूर होतो. पाच-दहा मिनिटांत तो गेला पाहिजे. तसाच राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील बघावे लागतील. वाकून खालीही नजर टाका, कुठे ठिबकत नाही ना. इंजिन कोमट झालं की चोक हळूहळू सोडा.

नाही उठली तर

प्रत्येक पाच-सहा प्रयत्नांनंतर प्लग काढून बघा. तोच सगळं सांगतो. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही: कॉक, जाळी, जेट. ओला असेल आणि ठिणगीही चांगली असेल तर पेट्रोल जास्त झालं आहे: चोक सोडा, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि तसाच फिरवा, किंवा प्लग वाळवून दहा मिनिटं थांबा. ओला आहे आणि ठिणगी नाही, तर प्लग बदला आणि मग वीज शोधा. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही ठीक असून गाडी ढिम्म असेल तर प्लगच्या भोकावर अंगठा दाबून इंजिन फिरवा. हवा अंगठा उडवत नसेल तर व्हॉल्व्ह अडकला आहे किंवा रिंगा धरत नाहीत. तिथे इंजिन उघडणाऱ्या माणसाची गरज आहे.

चोकवर चालते आणि चोक सोडला की बंद पडते, ही तक्रार सगळ्यात जास्त येते. तिचा अर्थ बहुतेकदा एकच: पायलट जेट नीट साफ झालेला नाही. एअर स्क्रू फिरवून, आयडलिंग वाढवून तिला चालवत ठेवू नका. पेट्रोल कमी मिळणारं इंजिन जास्त तापतं. कार्बोरेटर पुन्हा उतरवा, कंटाळा आला तरी उतरवा.

रस्त्यावर नेण्याआधी

इंजिन चालू झाल्याच्या आनंदात लोक तसेच बाहेर पडतात, आणि मला सगळ्यात जास्त भीती याच क्षणाची वाटते. थांबवता न येणारी गाडी चालू झाली नसती तर बरं. पुढचं आणि मागचं चाक हाताने फिरवून ब्रेक दाबा, सोडा, पुन्हा फिरवा. ब्रेक सोडल्यावर चाक मोकळं फिरलं पाहिजे. ड्रममध्ये लायनर चिकटतं, डिस्कच्या कॅलिपरमध्ये पिस्टन अडकतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि तापल्यावर त्यात वाफ होते, मग लिव्हर नुसतीच खाली जाते. दोन वर्षांच्या वर झालं असेल तर बदला. डॉट 3 की डॉट 4 ते झाकणावर लिहिलेलं असतं, तेच घाला.

टायरमध्ये हवा भरून रात्रभर थांबा, टिकते का बघा. बाजूच्या भिंतीवर चार आकड्यांचा शिक्का असतो: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी भिंतीवर भेगा असतील तर टायर गेला. चेन रॉकेलने धुऊन, पुसून, ऑइल द्या. जोड अडकून वाकडे राहत असतील तर चेन-स्प्रॉकेट बदलायला हवं. मग दिवे, ब्रेकचा लाल दिवा, हॉर्न. विमा आणि प्रदूषणाचा कागद संपला आहे का, तेही याच वेळी बघा.

चालू इंजिनावर, थोडी रेस देऊन, बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. 13.8 ते 14.5 च्या दरम्यान आकडा दिसला तर गाडी स्वतःची बॅटरी भरते आहे.

पहिली फेरी घराजवळच, कमी वेगात, प्रत्येक ब्रेक आधी हलका वापरून. परत आल्यावर इंजिन गरम असतानाच ऑइल पुन्हा बदला, कारण साठलेला सगळा मळ आता त्यात उतरलेला असतो. आणि पुढच्या वेळी गाडी दोन महिन्यांहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी ताज्या पेट्रोलने काठोकाठ भरा म्हणजे गंजाला जागा राहत नाही, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे वाटी रिकामी होते, आणि बॅटरी काढून घरात ठेवून महिन्यातून एकदा चार्ज करा.